हात कारागिराचा, साचा मालकाचा

एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन येथील न्यायालयाच्या ज्यूरीने एक निकाल दिला आणि भारतातील उद्योगजगत हादरले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली टीसीएस, हिने एपिक सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीची व्यापारी गुपिते अनधिकृत मार्गाने मिळवली व वापरली, असा ठपका ठेवून ज्यूरीने ९४ कोटी डॉलरचा दंड व भरपाई सुनावली. ज्या उद्योगसमूहाचे नाव काढताच मराठी मध्यमवर्गाच्या मनात सचोटी, शिस्त आणि निश्चिंत नोकरी या गोष्टी उभ्या राहतात, त्या समूहाच्या कंपनीबद्दल असे काही ऐकावे लागणे क्लेशकारक होते. अशा वेळी पहिला उद्गार निघतो तो 'हा परक्यांचा मत्सर' असा. भावना समजण्यासारखी आहे; परंतु भावनेने वस्तुस्थिती बदलत नाही. पुण्यातील हिंजवडीपासून अमेरिकेतील न्यू जर्सीपर्यंत लाखो मराठी तरुण-तरुणी आज याच क्षेत्रात पोट भरतात. त्यांच्या दृष्टीने या प्रकरणातील धडा कंपनीच्या दंडाहूनही मोलाचा आहे.

तो धडा सराफाच्या पेढीवरचा कोणताही जुना कारागीर सांगू शकेल. एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जाताना कारागीर आपला हात घेऊन जातो, साचे घेऊन जात नाही. हाताचे कसब त्याचे स्वतःचे. त्यावर कोणत्याही मालकाचा हक्क नाही. साचा मात्र पेढीचा. तो झोळीत टाकून नेला तर ती चोरी. संगणकयुगातील सारे गुंतागुंतीचे खटले अखेरीस याच एका रेषेवर येऊन थांबतात. दुर्दैव असे की, ही रेषा आज दोन्ही बाजूंनी पुसली जात आहे. कर्मचारी 'त्यात काय एवढे' म्हणत साचा उचलतात, आणि कंपन्या साच्याबरोबर कारागिराच्या हातावरही मालकी सांगू लागल्या आहेत.

एका पासवर्डची किंमत

एपिक ही रुग्णालयांसाठी संगणकप्रणाली तयार करणारी कंपनी. कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनन्टे या मोठ्या आरोग्यसंस्थेने तिची प्रणाली घेतली होती आणि त्या प्रणालीच्या चाचण्यांचे काम टीसीएसकडे सोपवले होते. प्रणालीची अंतर्गत माहिती एपिकच्या एका राखीव संकेतस्थळावर असे. तेथे बाहेरच्या कंत्राटदारांना पूर्ण प्रवेश नव्हता. त्यामुळे काम मंदावते, अशी टीसीएसची तक्रार होती. प्रवेश मागितला, तो मिळाला नाही. अखेर तिच्या एका कर्मचाऱ्याने आपण कैसरचेच नोकर आहोत असे भासवून प्रवेश मिळवला आणि आपला पासवर्ड सहकाऱ्यांना दिला. पुढील दोन वर्षांत त्या संकेतस्थळावर हजारो वेळा ये-जा झाली आणि सहा हजारांहून अधिक कागदपत्रे उतरवून घेतली गेली. टीसीएसचे स्वतःचे 'मेड मंत्रा' नावाचे रुग्णालयांसाठीचे उत्पादन होते. त्याची एपिकच्या प्रणालीशी तुलना करणारा एक तक्ताही तयार झाला. २०१४ मध्ये टीसीएसच्याच एका कर्मचाऱ्याने हा प्रकार एपिकला कळवला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला.

पुढील प्रवास नऊ वर्षांचा आहे. न्यायाधीशांनी ९४ कोटींचा आकडा ४२ कोटींवर आणला. ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयाने १४ कोटींची भरपाई कायम ठेवली आणि दंडाची रक्कम भरपाईहून अधिक असता कामा नये, असे बजावले. म्हणजे एकूण २८ कोटी. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि विषय संपला. टीसीएसने या दाव्यापोटी आपल्या हिशेबात आधी १,२१८ कोटी आणि नंतर ९५८ कोटी रुपयांची तरतूद केली. मेड मंत्रा घडवताना एपिकची माहिती वापरलेली नाही, अशी कंपनीची भूमिका अखेरपर्यंत होती.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. मेड मंत्राच्या घडणीत एपिकची माहिती वापरल्याचा पुरेसा पुरावा नाही, हे अमेरिकी न्यायालयांनीही मान्य केले. त्यापोटी ज्यूरीने धरलेले १० कोटी डॉलर त्यांनी पूर्णपणे वगळले. कंपनीला भोवला तो तुलनेचा तक्ता. प्रतिस्पर्ध्याचे घर आतून पाहून आपली आखणी करणे हाही लाभच आहे, संशोधनाचा वेळ आणि खर्च वाचवणारा लाभ आहे, असे न्यायालयाने धरले. 'आम्ही काही नक्कल केली नाही, नुसते पाहिले' हा बचाव तेथे टिकला नाही. ज्यांना हे केवळ मत्सराचे फळ वाटते त्यांनी सांगावे, मत्सरी न्यायव्यवस्था ९४ कोटींचे २८ कोटी करते काय?

स्वदेशी उद्योगाचा अभिमान बाळगावाच. पण अभिमान आणि पाठीशी घालणे यांत अंतर आहे. परक्या देशात काम करणारा प्रत्येक भारतीय अभियंता आपल्याबरोबर देशाची पत घेऊन वावरत असतो. खोटी ओळख सांगून दार उघडणाऱ्याने त्या पतीला बट्टा लावला. सत्य सांगणाऱ्याने ती राखली. राष्ट्राभिमानाची कसोटी लावायचीच असेल तर ती येथे लावावी.

दोषी सारे, भोगतो एकटा

गोरा असो वा सावळा, मोह सारखाच असतो आणि न्यायालयही. गुगलच्या स्वयंचलित मोटारींच्या प्रकल्पातील आघाडीचा अभियंता अँथनी लेवँडोव्हस्की याचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने कंपनीच्या संगणकावरून सुमारे १४ हजार फायली उतरवून घेतल्या, जानेवारी २०१६ मध्ये नोकरी सोडली आणि 'ऑटो' नावाची स्वतःची कंपनी काढली. ऑगस्टमध्ये उबरने ती विकत घेतली. पुढे एका पुरवठादाराकडून चुकून आलेल्या ई-मेलमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या सर्किट बोर्डाचा आराखडा गुगलच्या लोकांच्या दृष्टीस पडला. तो आपल्याच आराखड्यासारखा दिसतो म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगलच्या वेमो या भगिनी कंपनीने उबरला न्यायालयात खेचले.

आता पाहा, कोणाचे काय झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुनावणीच्या पाचव्या दिवशी दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. उबरने सुमारे २४.५ कोटी डॉलर मोलाचे आपले समभाग वेमोला दिले आणि दोघीही पुन्हा धंद्याला लागल्या. अभियंत्याला उबरने मे २०१७ मध्येच काढून टाकले होते. ऑटो विकत घेण्यापूर्वी उबरने तपास करून घेतला होता आणि गुगलची सामग्री त्याच्याकडे असल्याचे त्या तपासात दिसले होते. तरीही सौदा झाला. गुगलने दावा लावल्यास संरक्षण देऊ, अशी हमीही त्याला मिळाली होती. प्रत्यक्षात लवादाने गुगलला १७.९ कोटी डॉलर देण्याचा निवाडा केला, तेव्हा उबरने ती हमी पाळण्यास नकार दिला आणि मार्च २०२० मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. फौजदारी खटल्यात ३३ आरोप होते. एका आरोपाची त्याने कबुली दिली. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी १८ महिन्यांची कैद सुनावली.

जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी त्याला माफी दिली. त्याच्यासाठी रदबदली करणारे सिलिकॉन व्हॅलीतील धनाढ्य होते. वाकडच्या सदनिकेचे हप्ते फेडणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी अशी रदबदली कोण करणार आहे? करून गेला गाव आणि भलत्याचे नाव, अशी म्हण आहे. येथे गाव आणि नाव दोघेही दोषी होते; पण गाव तडजोड करून सुटला आणि नाव मात्र आरोपपत्रावर राहिले. कंपनीला समभाग असतात, वकील असतात, विमा असतो. माणसाला एकच आयुष्य असते.

तिसरे उदाहरण मन अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण त्यात कोणी खोटे नाव सांगितले नव्हते. २०१८ मध्ये ट्रान्सअमेरिका या विमा कंपनीने टीसीएसला सुमारे २०० कोटी डॉलरचे कंत्राट दिले आणि आपले सुमारे २,२०० कर्मचारी तिच्याकडे वर्ग केले. ट्रान्सअमेरिकाकडे कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन या कंपनीची विमाप्रणाली होती. टीसीएसकडे आलेल्या कर्मचाऱ्यांची त्या प्रणालीपर्यंतची वाट खुलीच राहिली आणि तेथील माहितीचा उपयोग टीसीएसची स्वतःची प्रणाली घडवण्यासाठी झाला, असा दावा २०१९ मध्ये डॅलस येथे दाखल झाला. जून २०२४ मध्ये न्यायाधीशांनी व्याजासह सुमारे १९.४ कोटी डॉलर देण्याचा आदेश दिला. टीसीएसने आरोप अमान्य करून अपिलाचा मार्ग धरला. कज्ज्याचे जे व्हायचे ते होवो. कर्मचाऱ्याने काय घ्यावे? काल जी फाइल उघडणे हे कर्तव्य होते तीच आज उघडणे हा अपराध ठरू शकतो. मेज तेच, संगणक तोच, पासवर्डही तोच. केवळ वेतनचिठ्ठीवरील नाव बदललेले असते. जुने कुलूप उघडते म्हणून आत जाण्याचा हक्क शिल्लक राहतो असे नाही.

आपला तो बाळ्या

येथवर वाचून कंपन्यांच्या व्यवस्थापकांनी समाधानाने मान डोलवू नये. कर्मचाऱ्यांना निष्ठेचे पाठ देणाऱ्या या कंपन्यांचे स्वतःचे वर्तन काय आहे?

अमेरिकेच्या न्याय विभागाने सप्टेंबर २०१० मध्ये अॅपल, गुगल, इंटेल, अडोबी, इंट्युइट आणि पिक्सार या सहा कंपन्यांविरुद्ध कारवाई केली. एकमेकींच्या कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी विचारायचे नाही, असे आपापसांतील छुपे समझोते त्यांनी केले होते. बाहेरून मागणी आली नाही की पगार वाढवण्याची गरज उरत नाही, हे साधे गणित त्यामागे होते. न्यायालयासमोर आलेल्या पत्रव्यवहारातील एक प्रसंग बोलका आहे. २००७ मध्ये गुगलच्या भरती विभागातील एका व्यक्तीने अॅपलच्या अभियंत्याशी संपर्क साधला. स्टीव्ह जॉब्ज यांनी तक्रार केली. त्या व्यक्तीला गुगलने तत्काळ काढून टाकले आणि तसे कळवले. जॉब्ज यांनी ते वृत्त पुढे पाठवताना सोबत एक हसरे चिन्ह जोडले. एका नोकरदाराच्या चुलीवर पाणी पडले आणि जगातील सर्वांत प्रतिष्ठित उद्योजकाला त्याचे हसू आले. सुमारे ६४ हजार कर्मचाऱ्यांच्या वतीने लढल्या गेलेल्या दाव्यात अॅपल, गुगल, इंटेल आणि अडोबी यांना २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलर मोजावे लागले.

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण या कंपन्यांना पुरेपूर लागू पडते. दुसऱ्या कंपनीतील कुशल माणूस आपल्याकडे आला की ती 'प्रतिभेची निवड'; आपल्याकडचा गेला की तो 'विश्वासघात'. कर्मचाऱ्याने फाइल नेली तर कारागृह; कंपन्यांनी ६४ हजारांचे पगार दाबले तर तडजोड. बळी तो कान पिळी, हा न्याय संगणकयुगातही बदललेला नाही.

आपल्याकडेही त्याचे पडसाद आहेत. २०२२ मध्ये इन्फोसिसच्या नेमणूकपत्रातील एका कलमाविरुद्ध 'नाइट्स' या पुण्यातील कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. नोकरी सोडल्यानंतर सहा महिने, ज्या ग्राहकासाठी काम केले त्याच ग्राहकाचे काम टीसीएस, विप्रो, आयबीएम, कॉग्निझंट, अॅक्सेंचर अशा नामोल्लेख केलेल्या प्रतिस्पर्धी कंपन्यांत करायचे नाही, असे ते कलम होते. गोपनीयतेच्या रक्षणासाठी अशी कलमे सर्वत्र प्रचलित आहेत आणि त्यामुळे कोणाला दुसरी नोकरी धरण्यास मज्जाव होत नाही, असे कंपनीने म्हटले. सर्वत्र प्रचलित आहे म्हणून एखादी गोष्ट न्याय्य ठरते काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

कायदा काय म्हणतो?

या प्रश्नाचे उत्तर १५० वर्षांहून जुने आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ सांगते की, कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल आहे. हे कलम न्यूयॉर्कचे विधिज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांच्या संहितेच्या मसुद्यावरून घेतलेले. त्याच मसुद्याच्या आधारे कॅलिफोर्नियानेही १८७२ मध्येच आपली संहिता केली आणि तेथेही अशा बंधनांना थारा मिळाला नाही. पुढे त्याच भूमीवर सिलिकॉन व्हॅली उभी राहिली. १९५७ मध्ये शॉकली यांच्या प्रयोगशाळेतून आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर उभारली. त्यांतील नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल स्थापन केली. त्यांच्या पायांत बेड्या असत्या तर आजचे संगणकयुग कदाचित दुसरीकडे आणि उशिरा उगवले असते. कर्मचाऱ्याचे स्वातंत्र्य हे उद्योगाच्या मुळावर येते, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा.

याचा अर्थ करार मोडण्याची मुभा आहे असा नव्हे. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीचा खटला महाराष्ट्रातील प्रत्येक अभियंत्याला ठाऊक असायला हवा. या कंपनीने परदेशी कंपन्यांकडून टायरच्या धाग्याचे तंत्र गोपनीयतेच्या अटीवर घेतले होते. १९६३ मध्ये तिने निरंजन शंकर गोलिकरी यांना पाच वर्षांच्या करारावर नेमले आणि प्रशिक्षण दिले. १९६४ मध्ये ते काम सोडून तेच उत्पादन करणाऱ्या कोटा येथील कंपनीत अधिक वेतनावर गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील मनाई कायम ठेवली. पण ती कराराची पाच वर्षे संपेपर्यंतच. नोकरीचा काळ चालू असतानाचे बंधन वेगळे आणि तो संपल्यानंतरचे वेगळे, हा भेद त्या निकालाने स्पष्ट केला. नोकरी संपल्यानंतरचे बंधन टिकत नाही, हे पुढे १९८० मध्ये एका खटल्यात आणि २००६ मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानच्या जाहिरात-कराराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मे २०२५ मध्ये मात्र विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट त्याच न्यायालयाने वैध ठरवली. म्हणजे 'बॉण्ड म्हणजे नुसता कागद' हा महाविद्यालयीन कट्ट्यावरील समज चुकीचा, आणि 'कंपनीने सही घेतली, आता हात बांधले' ही घरातील भीतीही चुकीचीच.

पासवर्डबाबत तर कायद्याला मुळीच संदेह नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार... असे सांगत कंपन्यांची प्रशिक्षणसत्रे रंगतात, पण त्यातला गाभा थोडकाच आहे: दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे आणि परवानगीवाचून माहिती उतरवून घेणे, या दोन्ही अपराधांना आपल्याकडे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. 'जुगाड' हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. बैलगाडीला इंजिन जोडणे हा जुगाड. दुसऱ्याच्या नावाने दार उघडणे हा गुन्हा.

उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. करार आणि न्यायतत्त्वे यांवरच न्यायालये काम भागवत आली. विधी आयोगाने मार्च २०२४ मधील आपल्या २८९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस करून विधेयकाचा मसुदाही दिला. असा कायदा व्हावा. पण तो घडवताना दोन गोष्टी कोरून ठेवल्या पाहिजेत. कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे कमावलेले अनुभव व कौशल्य हे कोणाचेही गुपित नव्हे, ही पहिली. आणि गैरप्रकार उघड करणाऱ्यास अभय, ही दुसरी. अमेरिकेच्या २०१६ च्या कायद्याने, गैरप्रकाराची माहिती शासकीय अधिकाऱ्यास वा वकिलास गोपनीयतेने देणाऱ्यास संरक्षण दिले आहे. हे संरक्षण नसेल तर 'गुपित' या शब्दाआड प्रत्येक कंपनी आपली पापे लपवील आणि सत्य बोलणाराच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील.

घराघरांत व्हावा असा विचार

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तरुण कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी काही पथ्ये पाळावीत.

नोकरी सोडताना काहीही बरोबर नेऊ नये. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅमही नाही. तो कंपनीच्या वेळेत, कंपनीसाठी लिहिला असेल तर कंपनीचाच आहे. 'नमुना म्हणून', 'आठवण म्हणून' स्वतःच्या ई-मेलवर पाठवलेली एक फाइल पुढे आयुष्यभर पाठलाग करू शकते. संगणक सारे नोंदवून ठेवतो; आणि नोकरी सोडण्याआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांतील नोंदी सर्वांत आधी तपासल्या जातात.

नव्या ठिकाणी कोणी जुन्या कंपनीची माहिती विचारली तर नम्रपणे आणि ठामपणे नाही म्हणावे. आज जो मालक दुसऱ्याचे गुपित आणल्याबद्दल पाठ थोपटतो, तोच उद्या संशयाने पाहतो. फुटलेल्या माणसावर त्याला फोडणारादेखील विश्वास ठेवत नाही.

वरिष्ठाने तोंडी 'घे रे, सगळे हेच करतात' असे सांगितले तर ते लेखी मागावे. लेखी मागताच बहुतेक वेळा आदेश विरून जातो. जो आदेश कागदावर येण्यास लाजतो, त्याचे पालन करण्याचे कारण नाही. पासवर्ड सहकाऱ्याला देऊ नये, त्याचा घेऊ नये. मैत्री चहाच्या टपरीवर दाखवावी.

सही करण्यापूर्वी करार वाचावा. लग्नपत्रिकेतील नावांचा क्रम चार वेळा तपासणारी आपली कुटुंबे मुलाच्या वीस पानी नेमणूकपत्राकडे केवळ पगाराच्या आकड्यापुरती पाहतात. बॉण्ड किती वर्षांचा, रक्कम किती, सोडल्यानंतरची बंधने कोणती, हे सहीआधी विचारावे. गरज पडल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि एकट्याने झुंजण्यापेक्षा संघटित व्हावे. गिरणी कामगाराला संघटनेची लाज वाटत नसे. वातानुकूलित कार्यालयातील कामगाराला ती का वाटावी? गळ्यात ओळखपत्राची फीत असली तरी तो कामगारच आहे. अमेरिकेतील ६४ हजार अभियंते एकत्र आले नसते, तर ते हसरे चिन्ह कोणाच्याही दृष्टीस पडले नसते.

पालकांसाठी अखेरचे एक सांगणे. मुलगा 'आमच्या मॅनेजरने कुठून तरी लॉगिन मिळवून दिले' असे कौतुकाने सांगू लागला, तर हसून सोडून देऊ नये. दोन वर्षे चाललेले ते मोठे प्रकरण एका अशाच लॉगिनपासून सुरू झाले होते, आणि त्या वेळी कोणी तरी घरी अथवा कार्यालयात 'हे बरे नाही' एवढे म्हटले असते तर पुढचे सारे टळले असते. तसेच मुलगी 'कंपनी दुसरीकडे जाऊ देत नाही' म्हणून रडकुंडीला आली, तर 'मालकाशी भांडू नकोस' असे म्हणून तिला गप्प बसवू नये. कसब तिचे आहे, आणि ते घेऊन कोठेही जाण्याचा तिचा हक्क कायद्याने मान्य केला आहे.

मालकाच्या साच्याला हात लावायचा नाही आणि आपला हात मालकाकडे गहाण टाकायचा नाही. ही दोन्ही पथ्ये जो पाळील, त्याला कोणत्याही देशाच्या न्यायालयात मान खाली घालावी लागणार नाही. भारताची गुणवत्ता जगाने केव्हाच मान्य केली आहे. तिच्या जोडीला सचोटीही तितकीच निर्विवाद ठरावी, हे या पिढीच्या हातात आहे.